सरकारी पिल्लांना आग्रह

सुमतीबाई बेहेऱ्यांच्या घरातून कोणी वजन घटवून परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. मे महिन्यात भाचरं यायची ती काटक्यांसारखी, आणि जूनमध्ये जायची तेव्हा त्यांच्या आयांना शाळेचे कपडे उसवून सैल करावे लागायचे. पुण्याच्या नणंदेचा मुलगा एकदा तापातून उठून हवापालटाला आला होता. दीड महिन्याने बाप न्यायला आला, तर त्याने ओसरीवरच्या मुलालाच विचारलं, "बाळ, आमचा अनंता कुठे आहे?" ही गोष्ट कोन गावात सगळ्या आळीला ठाऊक होती. ज्याला ठाऊक नसेल त्याला सुमतीबाई स्वतः सांगत, आणि सांगून झाल्यावर त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकत. 'नको' हा शब्द त्यांना ऐकू येत नसे. कान चांगले होते, पण वाढताना तो शब्द ऐकायचा नसतो अशीच त्यांच्या माहेरची रीत होती.

म्हणून मार्चच्या चोवीस तारखेला भर दुपारी दाराशी टेम्पो थांबला आणि त्यातून डुकराची चार पांढरी पिल्लं उतरली, तेव्हा पुढे काय होणार ते खरं तर कोणीही सांगू शकलं असतं.

पिल्लं उतरवणारा त्यांचाच मुलगा होता. श्रीनाथ जनावरांच्या सरकारी कचेरीत कारकून. चाळिशीचा, सोशिक, जेवल्यावर न चुकता खायच्या सोड्याचं पाणी पिणारा.

"हे काय?" सुमतीबाईंनी विचारलं.

"डुकरं, आई."

"ते दिसतंय मला. तिसरीपर्यंतच शिकले असले तरी डोळे आहेत. माझ्या घरात आजवर अंडं आलेलं नाही, आणि तू हे सगळं कुटुंब घेऊन आलास?"

श्रीनाथने घाम पुसून सगळं सांगितलं. योजना होती. विलायती जातीची पिल्लं गरजूंना एकतीस मार्चच्या आत वाटून संपवायची. ही चार राहनाळच्या कोंडूच्या नावाची. श्रीनाथने कामाचा उरक दाखवायला सकाळीच कागदावर 'पिल्ले लाभार्थ्यास सुस्थितीत पोचली' असं लिहून सही ठोकली, आणि मग ती पोचवायला निघाला. राहनाळला कोंडू गोदामाच्या फाटकावर खाकी शर्ट घालून उभा. तो म्हणाला, "सायेब, अर्ज केला त्याला दोन वर्सं झाली. आता मना हितं वॉचमनची ड्युटी हाय. शिफ्ट बदलते. डुकरं कोन बघंल? मना न्हाय जमनार." फार विनवल्यावर त्याने एवढंच लिहून दिलं, की पिल्लं मिळाली, पण जागा नाही म्हणून काही दिवस बेहेऱ्यांकडे ठेवायला दिली आहेत.

"आठ एप्रिलला ठाण्याहून साहेब तपासणीला येणार," श्रीनाथ म्हणाला. "चारही पिल्लं जिवंत पाहिजेत आणि दर डोई दहा किलो भरली पाहिजेत. नाही भरली तर साहेब खोलात जाणार, आणि खोलात गेले तर माझी नोकरी गेली. आज आठच किलोची आहेत."

सुमतीबाई पिल्लांकडे बघत होत्या. कानात पितळेचे बिल्ले, बिल्ल्यांवर नंबर, आणि अंगावर एकेक बरगडी मोजून घ्यावी अशी.

"यांची आई कुठाय?"

"सरकारी फार्मवर."

"म्हणजे दूध तुटलेलं." सुमतीबाईंचा आवाज बदलला. "दहा म्हणालास ना? बारा करून देते. शुभदा! मागच्या लाकडाच्या खोपटातली लाकडं काढ. आणि हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस."

शुभदा म्हणजे सून. बी.ए. झालेली होती, आणि त्याबद्दल घरात कोणी तिला कधी माफ केलं नव्हतं.

पहिले तीन दिवस सुमतीबाईंनी पिल्लांना भाताची पेज आणि कोंडा घातला, आणि पिल्लं मजेत होती. इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण आळीत माणसं राहत होती, आणि त्यांना दुसरी कामं नव्हती.

सर्वांत आधी दाजी आले. दाजी म्हणजे शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चाळीस वर्षं मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्यामुळे त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा आकार कसा असावा हे कळत असे. खोपटावरून डोकावून ते म्हणाले, "वहिनी, पेजेने पोट भरतं, अंग भरत नाही. वाढत्या जिवाला प्रथिनं लागतात. प्रथिनं!"

"ती कुठे मिळतात?" सुमतीबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, भिवंडीला जावं लागेल.

"घरातच आहेत हो. डाळ, दाणे, दूध. जिथे ताकद तिथे प्रथिनं."

मग समोरच्या कमळाबाई आल्या. त्यांच्या म्हशीला शेंगदाण्याची पेंड चालते, तेव्हा डुकराला न चालायला काय झालं? म्हैस मोठी म्हणून तिला टोपलीभर. पिल्लं लहान, म्हणून अर्धी टोपली. हा हिशेब आळीत सगळ्यांना पटला. न पटणारी एकटी शुभदा होती, आणि ती म्हणाली, "आई, आधी कुणाला तरी विचारूया का?"

"विचारलं की. दोघांना विचारलं."

सत्तावीस तारखेपासून पेंड सुरू झाली. सकाळी भिजवलेली पेंड, दुपारी तुरीची चुणी, म्हणजे डाळीचा चुरा, संध्याकाळी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ ताकात कालवून. सुमतीबाई खोपटात पाटावर बसत आणि हाताने गोळे करून भरवत. पिल्लाने तोंड फिरवलं की दुसऱ्या बाजूने गोळा हजर. "एवढा एक. तुझ्या आईच्या नावाचा. हा सरकारच्या नावाचा. हा त्या कोंड्याच्या नावाचा, मेला ड्युटीवर बसलाय." तीन पिल्लं खात होती. बेचाळीस, त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस नंबर. त्यांनी बिचाऱ्यांनी आजवर एवढी माया पाहिली नव्हती.

एक्केचाळीस नंबरने मात्र घरात वितुष्ट आणलं. ते सगळ्यांत बारकं, मागच्या पायाने जरा फेंगडं. सुमतीबाईंनी पहिला गोळा पुढे केला, तेव्हा त्याने तो हुंगला, सुमतीबाईंकडे एकदा नीट पाहिलं, आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने गोळा तोंडात घेतला आणि त्यांच्या पायाशी टाकला.

नवऱ्याने टाकलं नव्हतं, जावयाने टाकलं नव्हतं. एका व्याह्याने एकदा टाकलं होतं, तर त्या घराशी आठ वर्षं जाणं-येणं बंद होतं. सुमतीबाई पाटावरून उठल्या. "माज आलाय याला. सरकारी आहे ना! याला त्या बाजूला बांधा. पेज आणि कोंडा, दुसरं काही नाही. शरण येईल तेव्हा बघू."

खोपटात मधे फळ्या ठोकल्या गेल्या. पलीकडे एक्केचाळीस नंबर, पेजेचं भांडं आणि अपमानाची शिक्षा. अलीकडे तिघांची पंगत.

तीस तारखेला श्रीनाथने ताणकाटा आणला. एकेकाला गोणपाटात घालून लटकवलं. तिघंही साडेनऊच्या पुढे. दाजींनी टाळी वाजवली. पलीकडचं मात्र जेमतेम साडेआठ. "बघा, बघा," सुमतीबाई सगळ्यांना म्हणाल्या. "न जेवणाऱ्याचं काय होतं ते बघा." हे म्हणताना त्यांनी शुभदाकडे पाहिलं. शुभदा कमी जेवत असे.

एक तारखेला सकाळी तिघांनाही ढाळ लागले.

नुसतं पाणी, पिवळं, आणि वास असा की समोरून जाणारी एस.टी. जरा जोरात जाते आहे असं वाटावं. आळी जमली. कमळाबाई म्हणाल्या, उष्णता. दाजी म्हणाले, "अशक्तपणा. शरीरातून सगळं निघून जातंय, म्हणजे भर घालायला हवी." सुमतीबाईंना हे लगेच पटलं. जे जातंय ते भरून काढायचं, यात न पटण्यासारखं काय आहे? त्या दिवशी चुणी दुप्पट झाली. ढाळही दुप्पट झाले.

दोन तारखेला श्रीनाथ कचेरीतून बकुळाला घेऊन आला. बकुळा जनावरांच्या दवाखान्यातली पर्यवेक्षक. पंचविशीची मुलगी, सायकलवरून येणारी, ब्लाउजच्या बाहीला शाईचा डाग. खोपटात शिरली ती नाकाला पदर न लावता, खाली बसून तिने पिल्लांची पोटं दाबून पाहिली, आणि काय-काय घालता ते विचारलं. सुमतीबाईंनी अभिमानाने सगळी यादी सांगितली.

"आजी, हे सगळं आजपासून बंद करा."

"आजी कोणाला म्हणतेस?"

"बरं, मावशी. या पिल्लांचं आईचं दूध आत्ता सुटलंय. पोट कच्चं आहे. पेंड, चुणी, डाळ ही सगळी प्रथिनंच. त्यातलं पोटाला झेपेल तेवढं पचतं. उरलेलं तसंच खालच्या आतड्यात उतरतं आणि तिथे कुजतं. त्या कुजण्यावर वाईट जंतू पोसतात, आतड्याची आतली साल सोलवटते, मग पाणी सुटतं. मावशी, तुम्ही पिल्लांना नाही, जंतूंना वाढताय."

असं आजवर सुमतीबाईंना कोणी बोललं नव्हतं. त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"किती पोरं वाढवलीस गं तू?"

"एकही नाही, मावशी. डुकरं तीनशे."

दाराआड शुभदा हसली.

फार मोठ्याने नाही, अगदी पदरात. पण ते हसू सुमतीबाईंना ऐकू गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या तीन पिल्लांचं जे झालं ते त्या हसण्याने झालं. बकुळाने कागदावर लिहून दिलं: पेज, कोंडा, मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी, बाकी सात दिवस काही नाही. "वजन कमी भरेल, पण जगतील," ती म्हणाली, आणि औषधाच्या गोळ्या ठेवून गेली. सुमतीबाईंनी कागद लोणच्याच्या बरणीखाली ठेवला. गोळ्या दिल्या, त्या सरकारी होत्या. पण उपाशी? दारात आलेल्या, आई तुटलेल्या पोरांना आजारपणात उपाशी ठेवायचं, आणि तेही सून हसली असताना? त्या संध्याकाळी गोळे थोडे लहान झाले, एवढंच.

चार तारखेला, शनिवारी, गुढीपाडवा होता. सकाळी श्रीनाथने गुढी उभारली, कडुलिंब वाटला गेला, आणि शुभदाने खोपटातून हाक मारली. त्रेचाळीस नंबर आडवं पडलं होतं. पाय ताठ.

सुमतीबाई दारात आल्या. हातात वाटी होती. श्रीखंडाची. सणाच्या दिवशी दारातला जीव गोडाशिवाय कसा ठेवायचा, म्हणून त्या थोडं थोडं चाटवायला निघाल्या होत्या. आदल्या दिवशीही, चक्का बांधताना, बोटभर चाटवलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आता पुरायचं कसं? सरकारी पिल्लू पंचनाम्याशिवाय पुरता येत नाही. पंचनाम्याला शिपाई, दोन पंच आणि कचेरीचा शिक्का लागतो. शनिवारी पाडवा, रविवारी रविवार. श्रीनाथ सायकलवर तीन ठिकाणी जाऊन आला. एका साहेबांनी सणाच्या दिवशी मेलेल्याचं नाव काढलं म्हणून दार लावून घेतलं. शेवटी बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली, आणि पिल्लू भुशात, बर्फात, वर कडुलिंबाचा पाला घालून जुन्या ट्रंकेत ठेवलं. ती सुमतीबाईंच्या लग्नातली ट्रंक. दाजींनी कुलूप लावायचा सल्ला दिला, 'पुरावा आहे' म्हणून. कमळाबाईंनी ट्रंक नेमकी कोणत्या दिशेला ठेवावी ते सांगितलं. वर गुढी, खाली ट्रंक, आणि बर्फाचं पाणी अंगणातल्या रांगोळीतून वाहत रस्त्याला लागलेलं. जाणारे-येणारे हात जोडून नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते.

त्या दिवसापासून सुमतीबाईंनी गोळे बंद केले. बरणीखालचा कागद काढला, अक्षर अक्षर लावून वाचला. पण उशीर झाला होता. बेचाळीस रविवारी गेलं, तेही ट्रंकेत ठेवलं. चव्वेचाळीस सोमवारी दुपारी, त्यांच्या मांडीवर. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालत होत्या. त्याने शेवटचा घोट गिळला नाही; तोंडाच्या कडेने सांडला, आणि सुमतीबाईंचं सोवळ्याचं लुगडं भिजलं. त्यांनी ते बदललं नाही. सोवळ्यात डुक्कर मांडीवर घेतलं, हे आळीने पाहिलं आणि पहिल्यांदाच कोणी काही सुचवलं नाही.

पलीकडे, फळ्यांच्या मागे, एक्केचाळीस नंबर पेज पीत होतं. चपचप असा आवाज येत होता.

संध्याकाळच्या आत बकुळा आली, पंच आले, आणि मागच्या चिंचेखाली तिने ट्रंकेतली दोन आणि आजचं, तिन्ही पिल्लं चिरून उघडली. "मावशी, तुम्ही आत जा," ती म्हणाली. सुमतीबाई गेल्या नाहीत. आतडी फुगलेली, कागदासारखी पातळ, आत पिवळं पाणी आणि न पचलेल्या डाळीचे कण. डाळ त्यांनी ओळखली. नारपोलीच्या दुकानातली, हाताने निवडलेली.

"खाल्लं की पोट जड व्हायचं का यांचं? दुखायचं?" त्यांनी विचारलं.

"व्हायचं असेल. सांगणार कसं?"

सुमतीबाईंना नवऱ्याची आठवण झाली. ते सांगत असत. 'आज पोट जड आहे गं.' मग त्या मुगाचं धिरडं करत, हलकं म्हणून, दोन.

आठ तारखेला ठाण्याचे साहेब आले. रुमाल नाकावर, फाइल काखेत. आळी कुंपणाला टेकून उभी. साहेबांनी कोंडूचा कागद पाहिला, तो ठीक होता. एक्केचाळीस नंबर गोणपाटात लटकवलं: दहा किलो दोनशे. साहेबांनी मान डोलावली. "आणि बाकी तीन?"

बकुळाने अहवाल पुढे केला. साहेबांनी वाचला आणि पेनचं टोपण काढलं. "हे बघा. रोगाने मेली म्हटलं, तर घरात कोंडून का ठेवली हे कारकुनाला विचारावं लागेल, आणि मग बेहेरे, तुमचं काही खरं नाही. खाण्याने मेली म्हटलं, तर चूक खायला घालणाऱ्याची. खायला कोण घालत होतं?"

"मी, साहेब," श्रीनाथ म्हणाला.

सुमतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने त्यांच्यासमोर खोटं बोलायची ही पहिली वेळ, आणि तेही किती वाईट बोलला.

"हा?" त्या म्हणाल्या. "साहेब, याला स्वतःच्या हाताने भात वाढून घेता येत नाही. हा डुकरं कसली मारतोय! लिहा तुम्ही. सुमती गोविंद बेहेरे. वय छपन्न."

"आई, एकसष्ट," शुभदा हळूच म्हणाली.

"एकसष्ट लिहा. ही बी.ए. आहे." सुमतीबाईंनी पदर सावरला. "या मुलीने, बकुळाने, दोन तारखेला सांगितलं होतं, बंद करा. कागद दिला होता. मी बंद केलं नाही. पेंड मी घातली, चुणी मी घातली, पाडव्याच्या आदल्या दिवशी चक्काही चाटवला. त्यांना नको होतं. ती तोंड फिरवत होती. मी भरवलं. ज्याला मी दिलं नाही, ते तेवढं जगलं. हे सगळं लिहा, आणि मोठ्याने वाचून दाखवा. मला भराभर वाचता येत नाही."

साहेबांनी मोठ्याने वाचलं. आळीने ऐकलं. पुण्याच्या अनंताची गोष्ट ज्यांनी पन्नास वेळा ऐकली होती, त्या सगळ्यांनी ऐकलं. दाजी कुंपणापासून केव्हा दूर गेले ते कळलं नाही. सुमतीबाईंनी सही केली. एकेक अक्षर जोडायला वेळ लागला. 'बेहेरे'वर शेवटची मात्रा देताना पेन जरा थांबलं.

श्रीनाथला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. एक्केचाळीस नंबर त्याच टेम्पोतून दुसऱ्या गावच्या माणसाकडे निघालं. बकुळाने नव्या मालकाला देण्यासाठी खाणं लिहिलेला कागद टेम्पोवाल्याच्या खिशात घातला. सुमतीबाई पेजेचं भांडं घेऊन टेम्पोजवळ गेल्या. पिल्लाने त्यांच्याकडे पाहिलं, तसंच, पहिल्या दिवसासारखं. मग तोंड घातलं आणि अर्धी पेज पिऊन थांबलं. भांडं पुन्हा पुढे सारायला सुमतीबाईंचा हात गेला, थांबला, आणि त्यांनी भांडं मागे घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या.

दुपारी सगळे जेवायला बसले. सुमतीबाईंनी श्रीनाथला दोन पोळ्या, वाटीभर आमटी आणि भात वाढला, आणि पातेल्यावर झाकण ठेवून समोर बसल्या. श्रीनाथ जेवला. सवयीने तो ताटावर आडवा हात धरून थांबला, आता येईल म्हणून. काही आलं नाही. त्याने हात बाजूला घेतला. आईकडे पाहिलं. ती झाकणाकडे बघत होती, जणू त्या झाकणाखाली कोणीतरी झोपलं आहे.

त्याचं पोट भरलं होतं. गच्च भरलं होतं. तरी त्याने वाटी पुढे केली.

"आई, आणखी थोडी आमटी वाढ ना. छान झालीय."

सुमतीबाईंनी वाटीकडे पाहिलं, मुलाच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग कोनाड्यातल्या सोड्याच्या बाटलीकडे.

"पुरे झालं, बाळा," त्या म्हणाल्या, आणि उठून पातेलं आत घेऊन गेल्या.